लिहून देणार, लिहून घेणार

कसबा बावड्याच्या रस्त्याला, कोर्टासमोर
पत्र्याच्या शेडात माझं टेबल, तिसरं.
वकील नव्हे मी. टायपिस्ट.
पण वकिलाला विचारायला पैसे पडतात
म्हणून आधी मला विचारतात.

अकरा महिन्यांचाच करार का ओ बाई?
बारावा महिना कुठं जातो?
तोंडी शब्द चालतो का?
– चालतो. ऐकणारा जिवंत असला तर.
पंधरा वर्षं एकाच गाळ्यात बसलोय, आता माझाच की?
– भाडं वेळेवर दिलंस?
– एक महिना चुकलो नाही.
– मग नाही.
यावर माणसं हसतात, मग हसायची थांबतात,
समोरच्या गाड्यावरून दहाचं भडंग आणतात,
कागदाचा कोन माझ्यापुढंही धरतात.

दस्ताची भाषा मला पाठ आहे.
जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह
दीड-दीड गुंठा मी रोज कुणाला तरी देऊन टाकते.
उद्यमनगरात गवताची काडी नाही
तरी तृण टाइप करते.
निधी तर अजून कुणाला सापडल्याचं ऐकलं नाही.

मंगळवारी दस्तगीर शिकलगार आला.
बोटांच्या रेषांत इतकं ऑइल
की अंगठा यंत्राला वाचता येत नाही.
अडतीस वर्षं चौगुल्यांच्या गाळ्यात त्याची लेथ.
आण्णाप्पा चौगुले गेले, पोरांनी गाळा विकायला काढला.
"लेथ माझी, ती नेतोच.
पण खालचा पाया कुणाचा?
साडेतीन फूट खोल. सळई माझी, खडी माझी,
बोल्टांना आटे पाडले ते पण मीच."
मी म्हटलं, ताबा आहे तोवर तुझा.
फोडून ने, जमीन होती तशी करून दे.
चावी दिलीस की त्यांचा.
"फोडून न्यायचा कुठं?" तो म्हणाला.
हे कुठल्या कलमात नाही.

गुरुवारी चौगुले आले, हक्कसोडपत्राला.
दोन भाऊ, आणि इचलकरंजीला दिलेली बहीण,
कुसुमावती मगदूम.
मी मजकूर वाचला:
स्वखुशीने, समजून उमजून, नशापाणी न करता –
"थांबा," ती म्हणाली. "सही करतो मी.
पण त्यात पायाचं लिवा."
(आमच्याकडं बाया करतो म्हणतात.
कागदावर त्याचं मी करते करते.)
कुठला पाया?
"शिकलगारमामांनी ओतला तवा मी सहा वर्षांची.
वलं सिमेंट. पाय दिला त्यात.
आबांनी मारलं. मामा म्हणाले, ऱ्हाऊ दे,
लेथखाली कोण बघतंय."

थोरला म्हणाला, ताई, काय हे.
धाकट्यानं टोकन बघितलं. सव्वाचार.
"तो फोडायचा न्हाई. एवढंच लिवा."
असं लिहिता येत नाही.
लिहिलं तर घेणारा बिचकतो, भाव पडतो.
मी सांगितलं. भावांनी सांगितलं.
एका वकिलानं जाता जाता फुकटात सांगितलं.
तिनं पेनाला टोपण लावलं.

सव्वाचार गेले.
साडेपाचला खिडकी बंद झाली.
स्टॅम्प सहा महिने टिकतो, मी म्हटलं, कुणाला उद्देशून ते कळलं नाही.
भाऊ मोटरसायकलवरून गेले.
ती बाकड्यावर बसून राहिली, पर्स मांडीवर,
मग म्हणाली, "लेथ उचलल्यावर दिसंल का ते?"
दिसेल, म्हटलं.
मला काय माहीत.

शेड ओढून घेण्याआधी मिळकतीचं वर्णन उघडलं.
पूर्वेस रस्ता. पश्चिमेस गटार.
दक्षिणेस सामाईक भिंत. उत्तरेस लिहून घेणार यांचीच मिळकत.
जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण,
पाषाणापुढं टाइप केलं:
पाऊल, नग एक,
आणि तिथंच अडले.
डावं की उजवं,
विचारायचं राहिलं.