चवड्यांवर

मरोळच्या गल्लीत कोलासोंनी कव्हर ओढलं
आणि मला आधी बाईक दिसलीच नाही.
सीट दिसली.
मनातल्या मनात मी तिच्याशी पाठीला पाठ लावून उंची मोजली.

"बसून तर बघ," ते म्हणाले,
दोनशे बत्तीस किलोंबद्दल अवाक्षर न काढता.
पाय टाकला, म्हणजे जवळजवळ फेकलाच,
शाळेची मागची भिंत ओलांडायचे तसा.

दोन्ही टाचा हवेत.
चवडे टेकले, तेही नुसते पुढचे,
घरात सगळे झोपलेत
आणि मी पाणी प्यायला उठलेय जशी.

बटण दाबलं. आवाज फार नव्हता,
शिट्टी व्हायच्या आधी कुकर थरथरतो
तेवढंच, गुडघ्यांच्या आत.

मरोशीच्या वळणापर्यंत डोक्यात फक्त पाय.
मग पवईचा रस्ता, तिसरा गियर,
आणि पाय कुठे गेले कोण जाणे.
समोरची काच उंच माणसाच्या छातीपर्यंत येते म्हणे,
मला ती अख्खी पुरली.
वारा हेल्मेटवरून परस्पर निघून गेला,
वरच्या मजल्यावरच्यांचं भांडण जावं तसा.
पाच फूट एक इंचात
इतकी शांतता मला कुणी दिली नव्हती.

गांधीनगरला सिग्नल लाल.
रस्ता डावीकडे उतरता, म्हणजे जमीन आणखी दूर,
आणि उजवा पाय तर ब्रेकवरच हवा.
बूड सरकवलं, अर्धी सीट सोडली,
डावा बूट खाली, खाली, अजून खाली...
टेकला.
शेजारच्या टँकरमधून क्लीनर वाकला,
"मॅडम, पाय पोचत नाय काय?"
"पोचतो की," मी म्हणाले. "एक."

परत आले तर गाडी गल्लीत तोंड खाली करून लावली.
घोडचूक.
मागे ढकलायला कोलासो, त्यांचा पुतण्या
आणि इस्त्रीवाला, तिघं लागले.
तेव्हापासून कुठेही थांबायच्या आधी
मी जमीन वाचते,
पाणी कुठल्या बाजूला वाहून जाईल ते बघते.

"विकताय का पण?"
कोलासोंनी मांडी चोळली.
"गुडघे गेले. माझा पाय वर जात नाही,
तुझा खाली पोचत नाही.
मधले दहा वर्षं हिने मजा केली."
मी म्हटलं, उंचीचे पाच हजार कमी करा.
त्यांनी तीन केले.

शनिवारी ठक्कर बाप्पा कॉलनीत
घीसारामने माझे बूट उलटे धरले,
तळव्यावर अंगठा दाबून पाहिला.
"सव्वा इंच चढवू?"
"एक," मी म्हणाले.
"पाव माझं मी बघते."