शाफ्ट की बेअरिंग

बाबा भोसरीच्या शेडमध्ये
चालत्या लेथला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचे,
मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटून घ्यायचे.
"बेअरिंग बोलतंय," म्हणायचे,
किंवा नुसतंच "हं."

मी गणेशखिंडीत, तिसऱ्या मजल्यावर.
रात्रीचे पावणेदोन, मशीनमधली दूध पावडर संपलेली.
समोर वृश्चिकेतल्या एका जोडीचा जुना डेटा:
एक तारा, आणि एक जे दिसत नाही.
दिसत नाही तेच गिरक्या घेतंय,
ताऱ्याचा वायू ओढून घेतंय,
धुतलेल्या चादरीसारखा भोवतालच्या अवकाशालाच पीळ देतंय.
आत पडण्याआधी वायू तापतो,
त्याचे क्ष-किरण लुकलुकतात
सेकंदाला चारशे एक्केचाळीस वेळा,
दोनशे अठ्ठ्याण्णव वेळा,
आणि खाली कुठेतरी, धापा टाकल्यासारखे, सतरा.
नेमके नाही. जवळजवळ.

हे मोजणारा उपग्रह केव्हाच जळून गेला.
मोजलं तेव्हा मी निगडीच्या बालवाडीत,
डब्यात पोळीचा लाडू.

गुरुत्वाकर्षणाचा नियम
त्या काठावरही असाच लागतो का,
की समीकरणात आणखी एक अक्षर हवं?
मी अक्षर घालते. अल्फा.
संगणक रात्रभर लाखो आकडे घालून बघतो,
आणि उजाडता पडद्यावर उमटतो
केळ्यासारखा वाकडा, लांबट डाग.
अल्फा वाढव, गिरकी कमी कर: तेच तीन आकडे.
अल्फा शून्य, गिरकी जास्त: तेच.
गाठोड्यात दोघं झोपलेत,
पाय कुणाचे कळत नाही.

रविवारी बाबांना सांगितलं.
डाव्या बाजूला बसून, मोठ्यानं;
उजवा कान त्या शेडनं ठेवून घेतलाय.
"शाफ्ट वाकलाय की बेअरिंग गेलंय,
पहिल्यांदा आवाज एकच येतो," म्हणाले.
"मग?"
"मग जागा बदलायची. दुसरीकडे टोक लावायचं.
नाहीतर बंद करून उघडायचं. तुझं उघडता येतं?"
"नाही."
"मग अवघड आहे."
कारागीर कारागिराला म्हणतो तसं.
आणि पुढ्यातली काकडी चोचवू लागले.

पेपरात मी लिहिलं: अल्फा शून्य असण्याची शक्यता वगळता येत नाही.
नसण्याचीही येत नाही.
धोंगडे सरांनी दुसरं वाक्य खोडलं,
बाजूला पेन्सिलीनं लिहिलं, "माहीत आहे."
आता दुसरी जोडी हवी. दुसरे तीन आकडे,
एकाच वेळी, एकाच काळोखाचे.
आकाशात त्या फार नाहीत.

वसतिगृहाचा पंप आज निराळाच वाजतोय.
आजूबाजूला कुणी नाही असं बघून
मी पेनाचं टोक पाइपाला लावते,
दुसरं कानामागे.
थरथर हाडातून दातांपर्यंत येते.
"तो तसाच वाजतो, मॅडम,"
मागून रखवालदार, हातात बॅटरी,
"मी लागलो तेव्हापासून."