ओढ

ऑक्टोबर लागला की डोंगरावरच्या मेंढ्या खाली उतरतात
आणि माझा फोन वाजू लागतो.
स्लेटच्या खाणीखालच्या त्या गावातून
पहिला फोन एलुनेड प्रिचर्डचा.
"यंदा धूर खोलीत येतोय," म्हणाली,
"आणि धुराला तंबाखूचा वास आहे.
मी तर ओढत नाही."

चादरी अंथरल्या. चिमटा, कोळशाची बादली, मांजर,
सगळं मागच्या खोलीत हलवलं.
आधी राख. गार दिसते, पण तिचा भरवसा नाही;
दोन दिवसांच्या राखेत मी बोटं भाजून घेतली आहेत.
पत्र्याच्या डब्यात भरायची, झाकण लावायचं,
अंगणात दगडावर ठेवायची,
लाकडी फळीवर कधीच नाही.
मग जाळी. मग मागच्या भाजक्या विटा:
एक तडा, नखाएवढा. लिंपून घेतला.

मग काठ्या. एकीला एक पिळत, ब्रश वर वर.
मामानं मला एकच गोष्ट शिकवली:
काठी उजवीकडेच फिरव.
डावीकडे फिरवलीस तर ब्रश वर अडकून बसतो
आणि अब्रू खाली येते.

सातव्या काठीला मऊ काहीतरी लागलं.
करड्या मानेच्या कावळ्यांचं घरटं, याच वसंतातलं:
बादलीभर काटक्या, लोकर, गवताच्या गठ्ठ्यांची निळी दोरी,
आणि एक मोजा, पुरुषाचा, टाचेला रफू केलेला.
एलुनेडनं तो चिमट्यानं उचलून खिडकीशी नेला.
"रफू माझं आहे," म्हणाली.
मी ब्रश झटकत राहिले.

दोन घरं, एक छप्पर, मधे एक भिंत.
भिंतीच्या डोक्यावर एकच धुराडं, आत दोन नळ्या.
पलीकडे तिचा भाऊ गेथिन.
आईच्या कपाटावरून, कुणी म्हणतं कपाटातल्या घड्याळावरून,
अकरा वर्षं.
दोघंही मला बोलावतात, वेगवेगळ्या दिवशी.
दोघंही पैसे मोजताना विचारतात,
पलीकडची लाकडं सुकी आहेत ना.

धुराची गोळी पेटवली, चुलीचं तोंड बंद केलं,
आणि आम्ही दोघी अंगणात, माना वर करून.
तिच्या नळीतून धूर निघाला थोडासाच.
तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं,
गेथिन बाहेर, पायांत सपाता, हातात पाइप, खोकत.

सांगणं माझं काम.
वर कुठेतरी नळ्यांमधल्या तीनचार विटा ढासळल्यात.
तुमचा धूर यांच्याकडे जातो, यांचा तुमच्याकडे.
"आवाजही जात असेल," मी आपलं सहज म्हटलं.

कुणी काही बोलेना.
मग एलुनेड, माझ्याकडे बघत:
"रात्री कुणीतरी खोकतं. त्याला सांग, डॉक्टरला दाखव म्हणावं."
मग गेथिन, माझ्याकडेच बघत:
"पहाटे कुणीतरी रेडिओ मोठा लावतं.
लहान करू नको म्हणावं.
हवामान मला तिथूनच कळतं."

बुजवावं तर लागणारच, मी म्हटलं.
धूर निदान दिसतो, खोकवतो तरी.
त्याच्यासोबत जो वायू येतो
त्याला रंग नाही, वास नाही; झोपेतच माणूस जातो.
मंगळवारी येते. तोवर दोन्हीकडे पेटवायचं नाही.

मंगळवारी दव गोठलं होतं.
गेथिनचं दार वाजवलं, उत्तर नाही.
एलुनेडच्या स्वयंपाकघरात विजेचा एक हीटर,
त्याच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या.
बोलणं चाललेलं वाटलं नाही.
हीटरच्या पाठीवर धुतलेला एक मोजा वाळत होता.

दिवसभर खपून दोन्ही नळ्यांत पोलादी अस्तर सोडलं.
संध्याकाळी पुन्हा गोळी पेटवली.
धूर आपापल्या वाटेनं सरळ वर गेला,
इकडचा इकडून, तिकडचा तिकडून.

"आता चांगली ओढ आहे," मी म्हटलं.
दोघं वर बघत उभी राहिली, बराच वेळ.
माझ्या कामाला इतकं थंड कौतुक
कधी मिळालं नव्हतं.