गंज

ओसाकाहून निघालेली माझी तलवार
अकरा महिने कस्टमच्या गोदामात पडून आहे.
साहेब विचारतात : हत्यार की पुरावस्तू?
मी म्हणतो, लोखंड. उद्यमनगरातला लेथवाला
दुसरं काय म्हणणार.

तोवर टाकळीच्या नेजदारांचा फोन.
त्यांच्या आजोबांनी ब्रह्मदेशातून आणलेली,
घोंगड्यात गुंडाळलेली.
मूठ लष्करी, कारखान्यातली. वाटलं, पेट्रोल गेलं.
पण पातं उपसलं नि धारेलगत धुकं चालत गेलं,
पहाटे पंचगंगेवरून जातं तसं.
ॲसिडनं काढलेलं नव्हे. ॲसिडचं धुकं मी ओळखतो,
तसली दोन घरात आहेत, रोख मोजून घेतलेली.

बांबूची खुंटी ठोकली, मूठ सैल झाली.
आता गंज बघायचा.
मुठीखालचा काळा, तीनशे वर्षं न हललेला गंज,
तोच जन्मदाखला,
त्यातच कोरलेलं लोहाराचं नाव.

आत लख्ख. घासलेल्या विळीसारखं.
अक्षरांच्या जागी एक आडवी रेघ,
तीही बोटाला लागेना.

"दर खंडेनवमीला," सुलाबाई म्हणाल्या,
"मूठ काढून चिंच-राखेनं घासते मी.
सासूबाईपण घासायच्या.
देवापुढं कळकट कसं ठेवायचं?"

मी भिंग खिशात घातलं.
किती येतील, नेजदारांनी विचारलं.
सुलाबाई पात्याला चिकटलेली
झेंडूची सुकी पाकळी पदरानं काढत होत्या,
पाठीकडून, धार टाळून,
न बघता.

चहा आला. मी बशीत ओतला.