उलट्या बाटल्या

उभादांड्याला आमच्या अंगणात खुरीस आहे,
खुरसाभोवती झेंडू,
आणि झेंडूभोवती तपकिरी बाटल्यांचं कुंपण,
मानेपर्यंत मातीत, बुडं वर.
दर नाताळची एक.
पाय बोटीवरून कायमचा घरी आला त्या सालापासून
सत्तावीस झाल्या, सगळ्या एकाच कंपनीच्या.
मध्ये एक जागा रिकामी आहे.
त्या वर्षी त्याला कावीळ होती.

लिगोर पुण्याहून रातराणीने आला,
मांडीवर थर्माकोलचं खोकं, खोक्यात चार बुटक्या बाटल्या,
लेबलावर गॉगल लावलेला खेकडा.
बाणेरच्या मित्राने घरी केलेली, म्हणाला,
न गाळलेली, आणि रातांबे आपल्याच बाजूचे.
"कितक्याक पडली?"
त्याने सांगितलं नाही.
मग सांगितलं.
पायचे ओठ भागाकार करताना हलले.
"इतक्यात बाबलाकडसून अर्धो खोको येता."
"ही चव बाबलाकडे नाही मिळत, पाय."
"चव जेवणाक आसता. बियर थंड आसता."

मी जेटीवरच्या कारखान्यातून बर्फ आणला,
मासळीचाच, गोणपाटात, स्कूटरवर पायांशी धरून.
दोघांच्या बाटल्या एकाच घंगाळात ठेवल्या.
बर्फाने काही विचारलं नाही.

माय सान्नांचं वाटण घेऊन बसली होती.
जुवांव रेंदर माडावरून उतरला
तो पुन्हा चढलाच नाही,
त्याचा मुलगा म्हापशाला एसी दुरुस्त करतो.
तेव्हापासून आमच्या सान्ना पुडीतल्या यीस्टच्या.
फुगतात, पण कुणीतरी सांगितलं म्हणून फुगल्यासारख्या.

लिगोर समजावत होता,
तळाशी दिसतो तो गाळ जिवंत असतो,
म्हणून बाटली हलवायची नाही.
मायने पदराला हात पुसले.
"खंय, बघू?"
उजेडात धरली, अंडं पारखावं तशी.
हलवली.
उघडली.
फसफसून थोडी मनगटावर, बाकीची तोपात.
लिगोर फक्त "माय!" म्हणाला.
माय म्हणाली, "झाकण दी."

मध्यरात्रीच्या मिस्साहून आलो तेव्हा
झाकण तोपावर तिरकं झालं होतं,
स्वयंपाकघरात आंबूस वास,
माडीचा नाही, पण तिच्या गावचा.

दुपारी सान्ना किंचित गुलाबी निघाल्या.
सोरपोतेलात बुडवून पायने पाच खाल्ल्या,
सहावीला हात घालत म्हणाला,
"हेच्यात जीव आसा."
आणि स्वतःची तपकिरी बाटली जवळ ओढली.
लिगोर हसला नाही. आपली ओतून
पेला नाकाशी धरून बसला,
पावण्यांपैकी फ्लोरीन आंटीने एक घोट घेतला
आणि सोलकढी नासली काय असं विचारलं.

मला कोणी विचारलं नाही.
मुलींना नाताळात अर्धा पेला गोड वाईन,
मी अडतीस वर्षांची मुलगी.
भांडी विहिरीपाशी नेली तेव्हा
घंगाळात पाण्याखाली एक बुटकी राहिली होती,
आणि पायच्या बाटलीत चार बोटं.
आधी त्याची प्यायले. थंड होती.
खरं बोलतो तो.
मग दुसरी, चहाच्या कपातून, सावकाश.
रातांबा आला, मग काहीतरी कडू,
मग बराच वेळ काहीच नाही,
आणि मग कप धुवावासा वाटेना.

सकाळी पाय कोयत्याने माती उकरत होता.
अठ्ठाविसावी रांगेत गेली.
मग त्याने बुटकी उचलली, खेकडा नखाने खरवडला,
"हेका मानच नाय," असं स्वतःशीच पुटपुटला
आणि कावीळीच्या जागेत खुपसली.
शेजारणींपेक्षा दोन बोटं खाली गेली.
त्याने पायाने माती दाबली,
एकदा माझ्याकडे बघितलं,
मी दोरीवरचे टॉवेल उलटे करत होते.
ती कोणी संपवली
ते त्याने विचारलं नाही.