दुसरी गाठ

चार फुटांवर खडक लागला.
सळई खणखणली, घण उलटा उसळला,
लिअँडर म्हणाला, "न्यूफाउंडलंड आहे हे,
इथे अर्थ लागायला वेळ लागतो."

जुनी सळई सापडली ती करवतीने कापलेली.
तीही खडकापर्यंतच पोचली होती
आणि कुणीतरी उरलेली उंची गुपचूप छाटून
वर गवत दाबलं होतं.

मग आम्ही चर खणला, समुद्राच्या बाजूने,
ब्लूबेरीच्या झुडपांतून. माझे गुडघे जांभळे झाले.
दोन सळया आडव्या निजवल्या, तीन मीटर अंतर सोडून,
मध्ये उघडी तांब्याची तार,
आणि ओली माती पायांनी चेपली, शेजारच्या म्हाताऱ्या कुत्र्यासकट.

फिलोमिना किओ दारात उभी होती.
हातातला चहा केव्हाच निवलेला.
"विमा कंपनीला कागद हवाय म्हणून," ती म्हणाली,
"नाहीतर ॲम्ब्रोजने बसवलेल्याला
मी कुणाला हात लावू दिला नसता."

लिअँडरने जनरेटरचं झाकण काढलं.
प्रत्येक तारेवर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी:
विहीर. शेगडी. फ्रीझर (मासे).
आणि पांढऱ्या तारेपासून सांगाड्याला
एक पितळी पट्टी,
दोन स्क्रूंनी आवळलेली, वर रंगाचा हात मारलेली.
लिअँडरने टोपी मागे सरकवली, उगाच.

घरातल्या मुख्य पेटीतही तोच जोड होता.
तिथे असायलाच हवा.
पण एकदाच. न्यूट्रल जमिनीला एकाच जागी भेटते.
बदलस्विच दोन गरम तारा तोडतो,
पांढरी मात्र सलग राहते, घर ते यंत्र.
दुसऱ्या जागीही जोडली, तर परत निघालेली वीज
वाटेत फाटते:
बरीचशी तारेतून,
थोडी पाइपांतून, सिंकमधून,
जिथे म्हणून धातू आहे तिथून.
हे त्याने मला पुठ्ठ्यावर काढून दाखवलं, तिला नाही.

तिला एवढंच विचारलं,
"लाइट गेले असताना नळाला हात लावता तेव्हा?"

ती बराच वेळ गप्प.
"चावत नाही," ती म्हणाली.
"मुंग्या येतात. कुणी बोट हलकेच धरावं तशा."

"कधीपासून?"

"तो गेल्यापासून."

"आधीही येत असतील."

"आधी भांडी तो घासायचा."

खाली धक्क्याशी एक होडी बांधलेली होती,
ताडपत्री टाकलेली, गेल्या वर्षीपासून तशीच.
लिअँडर तिकडे बघत म्हणाला,
"होडी त्याची?"

"कुठलीही दोरी दोनदा बांधायचा.
एक गाठ दर्याला, म्हणायचा, दुसरी तुला.
मी म्हणायचे, मला कशाला, मी कुठे वाहून जातेय."

पट्टी काढायला दीड मिनिट लागलं.
रंगामुळे एक स्क्रू अडला, दुसरा सहज आला.
लिअँडरने तिन्ही वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्या,
पिशवी झाकणाच्या आत चिकटवली,
वर तारीख लिहिली आणि खाली ॲम्ब्रोजसारखीच
पेन्सिलीने: काढली. परत लावू नये.

मग मेन बंद. यंत्र धापा टाकत सुरू झालं,
फ्रीझर घुमायला लागला.
सकाळी जमिनीच्या तारेभोवती मीटर धरला
तेव्हा अडीच अँपिअर होते.
आता काटा शून्यावर पडून राहिला,
मी दोनदा बघितलं.

"एकदा नळ सोडून बघा," मी म्हणाले.
काम शिकणाऱ्यांना काय बोलावं ते कळत नाही.

तिने कप सिंकमध्ये ओतला.
नळावर आधी एक बोट ठेवलं,
मग सगळा हात.
पाणी तसंच वाहत राहिलं.

"गार आहे," ती म्हणाली.
"नुसता गार."

बिल लिअँडरने व्हॅनच्या बॉनेटवर लिहिलं:
सळया दोन, तार अठरा मीटर, क्लँप चार,
खोदाई, दोन माणसं, अर्धा दिवस.
पट्टी काढल्याचे
काही लावले नाहीत.