झिजेची वही

अंबड लिंक रोडला, तांबोळींच्या दुकानात
माझा मागचा टायर भिंतीला टेकून बसलाय.
रिममधून निघाला की एकदम थकलेला दिसतो.
मधोमध सपाट, पाटासारखा.
कडा मात्र गोल,
आणि तिथे कारखान्यातले बारीक रबरी केस
जसेच्या तसे,
जावळ न काढलेल्या पोरासारखे.

फिरोज त्यांवरून बोट फिरवतो.
"ताई, तुम्ही वळतच नाही."

मी सातपूरला गिअर तपासते,
मायक्रॉनमध्ये भांडायची सवय.
म्हणून वही:
दर हजाराला खाचेची खोली, हवेचा दाब, शेरा.
नवा होता तेव्हा सात पूर्णांक दोन.
नऊ हजारांवर साडेचार.
चौदा हजार सहाशेला मधे एक पूर्णांक तीन,
कडेला अजून जवळजवळ सात.
शेऱ्यात सगळीकडे "ठीक".
फक्त पाथर्डी फाट्याला, ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर
मागचं चाक हातभर सरकलं त्या दिवशी
"ठीक" लिहून खोडलंय.

पिंगळ्यांचं उलट.
त्यांनी मऊ रबराची जोडी घातली
आणि साडेसात हजारांत संपवली.
पेठ रोडला, सावळघाटात त्यांच्या मागे असले की दिसतं:
त्यांची गाडी वळणाला आधीच ओ देते.
माझी सपाटीच्या काठावर थबकते,
मग धपकन कलते,
उंबरठ्याला ठेचकाळलेल्या पाहुण्यासारखी.

वर टपरीवर ते म्हणाले, हात लावून बघ.
लावला. तापलेल्या कपाळाइतका गरम.
"किलोमीटरला साडेतीन रुपये पडले, पिंगळे."
"आणि तुझे?"
"पावणेदोन."
"मग उरलेल्या पावणेदोनाचं काय केलंस?"
उत्तराची वाट न बघता
बशीतला चहा संपवून ते हेल्मेटचा पट्टा शोधायला लागले.

काय केलं?
दर शनिवारी धुळे. आईच्या डायलिसिसला
शनिवारची पाळी माझी होती.
ओझर, पिंपळगाव, मालेगाव, सरळ,
राहुडच्या घाटातसुद्धा ट्रकांची रांग सोडली नाही.
तेव्हा टिकणाराच हवा होता.
चाकाने मधेच काही विचारू नये,
एवढंच मागणं.
मार्चपासून शनिवारच्या पानांवर काही नाही.

फिरोज आतून तिसराच टायर आणतो.
मधे कडक, कडेला मऊ.
"दोन्ही एकात?"
"दोन्ही थोडं थोडं."
"सांध्यावर पायरी पडते ना, आठ हजारांनंतर?"
"पडते की." खोटं बोलत नाही तो.
"रबराचं असं आहे, ताई,
झिजायचं नाही म्हटलं की ते धरतही नाही."
मग कॉम्प्रेसर सुरू होतो
आणि पुढचं काही ऐकू येत नाही.

टायर रिमवर बसतो. टक्.
दुसऱ्या बाजूने टक्.
पुढे छत्तीस, मागे बेचाळीस.
पहिले दीडशे किलोमीटर जपून,
वर मेणासारखं असतं, म्हणतो.
मी गेज लावते. सहा पूर्णांक नऊ.
म्हणजे आधीच्यापेक्षा कमीच भांडवल.

तो सुट्टे आणायला शेजारी जातो
तेवढ्यात जुन्या टायरच्या कडेचा
एक केस मी उपटते.
सहज येत नाही, नखाने पिळावा लागतो.
वहीत, मार्चच्या पानावर,
चिकटपट्टीने दाबून ठेवते.
राहत नाही.
वही मिटली तरी
दोन पानांच्या फटीतून
काळं टोक वर काढून उभा.